गजकर्ण समजून सहा वर्षं ट्यूब लावली

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला गजकर्णावरचा लेख वाचला. मलम, सुती कपडे, वेगळा टॉवेल, सगळं बरोबर आहे. पण मलमाने चट्टा गेलाच नाही तर काय, हे त्यात नव्हतं, म्हणून लिहितो आहे.

माझ्या कमरेवर नाडीच्या खाली तांबूस चट्टा उठला होता. वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुरकुतलेली. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडची ट्यूब आणायची, चट्टा फिका पडायचा, थांबवली की परत. अशी सहा वर्षं गेली. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूब बंद करायला लावून काही आठवड्यांनी बायॉप्सी केली, म्हणजे कातडीचा छोटा तुकडा काढून तपासला. पहिलीत काही नक्की कळलं नाही, दुसरीत निदान झालं: मायकोसिस फंगॉइड्स. नावात फंगस असला तरी ही बुरशी नव्हे. १८०६ साली अलिबेर या फ्रेंच डॉक्टरांना रुग्णाच्या अंगावरच्या गाठी अळंब्यांसारख्या दिसल्या, म्हणून हे नाव. आजार आहे टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा, म्हणजे त्वचेतला लिम्फोमा, एक प्रकारचा कॅन्सर.

पांढऱ्या पेशींचा कॅन्सर कातडीतच का मुरतो, असं मी विचारलं. मी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, ३२ वर्षं टपालाची छाननी केली, हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक होतं. म्हणाल्या, "काका, पिनकोड बघूनच पत्र खणात टाकायचात ना? तसंच आहे." या पेशींवर सीसीआर४ नावाचा रिसेप्टर, म्हणजे रासायनिक खूण ओळखणारा रेणू, असतो. त्वचेतून सीसीएल१७, सीसीएल२२ ही रसायनं सुटतात, त्यांच्या मागावर पेशी तिथे पोचते. त्वचेची राखण करणाऱ्या निरोगी टी-पेशीही याच वाटेने येतात. सेझारी सिंड्रोम या याच जातीच्या, पण रक्तातही पसरणाऱ्या आजारात बिघडलेल्या पेशींवर सीसीआर७ही असतो, तो लसीकाग्रंथींची वाट दाखवतो.

त्या सीसीआर४लाच पकडणारं मोगामुलिझुमॅब हे औषध अमेरिकेत ऑगस्ट २०१८ मध्ये या आजारासाठी मंजूर झालं. ३७२ रुग्णांच्या चाचणीत त्याने आजार साधारण ७.७ महिने (मध्यक) रोखला, जुन्या औषधाने ३.१. मला त्याची गरज नाही. माझा आजार सुरुवातीच्या टप्प्यात आहे, आठवड्यातून दोनदा काळा चष्मा लावून यूव्हीबी या अतिनील किरणांच्या पेटीत उभा राहतो.

पुढच्या लेखात एवढं जरूर छापा: कपड्याखालचा चट्टा महिनोन्महिने जात नसेल, तर दुकानातून आणखी एक ट्यूब न आणता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि बायॉप्सीबद्दल विचारा.

– एक निवृत्त टपाल कर्मचारी, मिरज