बॅज छातीवर, गळा मात्र उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली सतरा वर्षं मी हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन आहे. मांडीच्या हाडात रॉड घालायचा तर सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना क्ष-किरणांनी हाड पडद्यावर दाखवणारं यंत्र) लागतोच. डॉक्टर 'शूट' म्हणाले की मी पेडल दाबतो. त्या क्षणी रुग्णाचा पाय ताणून धरलेले वॉर्डबॉय मामा जागचे हलू शकत नाहीत. किरण अडवणारा लेडचा, म्हणजे शिशाचा, अ‍ॅप्रन सगळ्यांना मिळतो, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी झाकणारी थायरॉइड कॉलर मात्र आमच्याकडे दोनच. त्यातल्या एकीचं वेल्क्रो कधीच गेलंय, ती आम्ही मानेमागे बँडेजच्या पट्टीने बांधतो. दोन्ही कॉलरी सर्जन आणि असिस्टंटच्या गळ्यात जातात. सिस्टर, मामा आणि मी तसेच उभे.

क्ष-किरण रुग्णाच्या अंगावर आदळून चहूकडे विखुरतात, आमच्या वाट्याला येतात ते हे. दुप्पट अंतरावर गेलं तर मारा साधारण पाव होतो. मी दोन पावलं मागे सरतो, मामांना ती सोय नाही.

याबद्दल विचारलं की टीएलडी बॅजचा (अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बिल्ला) तिमाही अहवाल पुढे केला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या माऱ्याचं माप), आमचे आकडे त्याच्या कितीतरी खाली. पण बॅज लावायचा असतो छातीवर, अ‍ॅप्रनच्या आत. शिशाच्या आड किती पोचलं एवढंच तो सांगणार. उघड्या गळ्याचा हिशेब त्यात येतच नाही! आणि कंत्राटी मामांना तर बॅजही नाही.

मागच्या वर्षी आमच्या एका सिस्टरांच्या थायरॉइडमध्ये गाठ निघाली. ती किरणांमुळेच झाली असं मी म्हणणार नाही. थायरॉइडचे आजार बायकांमध्ये एरवीही पुष्कळ आढळतात. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांमध्येही थायरॉइडच्या कर्करोगाचा धोका ठळकपणे वाढलेला दिसला तो लहानपणी मारा बसलेल्यांत, प्रौढांत तेवढा नाही. पण धोका कमी आहे म्हणून काही हजारांची कॉलर द्यायची नाही, हे मला पटत नाही. सर्जनच्या गळ्याला लागते तर मामांच्या का नको?

तपासणीला येणारे यंत्राची कागदपत्रं बघतात. त्यांनी खुंटीवरच्या कॉलरीही मोजाव्यात. शूट करताना खोलीत जितकी माणसं, तितक्या कॉलरी. आणि पाय धरणाऱ्या प्रत्येकाच्या नावाचा बॅज, मग तो कंत्राटी का असेना.

आपला,
एक ओटी टेक्निशियन, सातारा