चिंतेच्या आजारात घरच्यांची माया कुठे अडते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात नुकतेच एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र वाचले. पूर्वीच्या घरांत दहा-बारा माणसे असत, कोणाचे मन जड झाले तर जवळ बसायला कोणी ना कोणी असे, त्यामुळे समुपदेशकाची गरजच पडत नसे. आज मायेची माणसे उरली नाहीत म्हणून पैसे मोजून ऐकणारा शोधावा लागतो, असा त्या पत्राचा सूर होता. त्यांच्या भावनेचा मी आदर करते. परंतु आमच्या घरात मायेची कमतरता कधीच नव्हती, आणि तरीही, किंबहुना त्या मायेपायीच, माझ्या यजमानांचा आजार तीन वर्षे वाढत गेला. हा अनुभव लिहून कळवावा असे मनापासून वाटले, कारण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या ओळखीच्या निदान चार-पाच घरांत आज हेच चालू असलेले मी पाहते आहे.

जानेवारी २०१९ मध्ये आम्ही पुण्याहून झेलम एक्सप्रेसने ग्वाल्हेरला परतत होतो. भुसावळ मागे पडल्यावर यजमान एकाएकी उठून बसले. छाती धडधडत होती, हातापायांना मुंग्या आल्या होत्या, घाम फुटला होता आणि आपण आता जात आहोत अशी त्यांची खात्री झाली होती. पुढच्या मोठ्या स्टेशनावर डॉक्टर आले, तोवर सारे ओसरले होते. घरी आल्यावर हृदयाचे आलेख, रक्ताच्या तपासण्या, थायरॉईड, सर्व काही झाले आणि सर्व काही ठीक निघाले. या तपासण्या करायलाच हव्यात, त्या कोणीही टाळू नयेत. पण अहवाल चांगले आल्यावर एका डॉक्टरांनी ‘गॅस’ म्हणून सोडून दिले, दुसऱ्यांनी झोपेची म्हणून एक गोळी लिहून दिली आणि ती किती दिवस घ्यायची हे सांगितले नाही. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘भाईसाहब, टेन्शन मत लिया करो.’ इतके सोपे असते तर त्यांनी ते घेतलेच नसते.

त्यानंतर त्यांनी प्रथम रेल्वे सोडली. मग शहरात फिरायचा टेंपो सोडला. मग महाराज बाड्यावरची, म्हणजे इथल्या मुख्य बाजाराच्या चौकातली, गर्दी नको झाली. इथल्या तानसेन संगीत समारोहाला ते तरुणपणापासून जात. एका वर्षी ते अगदी कडेच्या खुर्चीवर बसले आणि दुसऱ्या वर्षी गेलेच नाहीत. भाचीचे लग्न पुण्यात होते, तिथे मी एकटी गेले. २०२० च्या टाळेबंदीत तर घरात बसणे हाच सर्वांचा नियम झाला, आणि त्यांना मनातून हायसे वाटले हे मला दिसत होते.

या काळात मी काय करत होते, ते मला सविस्तर सांगितले पाहिजे. मी एक कापडी पिशवी शिवली होती. तिच्यात पाण्याची बाटली, साखरेची पुडी, ती गोळी, ओला रुमाल आणि हृदयाच्या आलेखांची घडी घातलेली कागदे असत. यजमान दूध आणायला गल्लीच्या तोंडापर्यंत निघाले तरी पिशवी त्यांच्या हातात असे. बँकेची कामे मी करू लागले. फोनही मीच घेई. त्यांनी दिवसातून दहा वेळा ‘मला काही होणार नाही ना?’ असे विचारले तर दहाही वेळा मी ‘काही होणार नाही’ म्हणत असे. मुलगा दर रविवारी येऊन त्यांचा रक्तदाब मोजून जाई. आम्ही त्यांना तळहातावरच्या फोडासारखे जपले, आणि दर महिन्याला त्यांचे जग एका खोलीने लहान होत गेले.

२०२२ मध्ये मुलाने हट्टाने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) असलेल्या एका बाईंकडे नेले. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारले, ‘हे घाबरले की तुम्ही काय करता?’ मी अभिमानाने सारी यादी सांगितली, पिशवी उघडून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या की तुम्ही दोघेही एकाच गोष्टीची काळजी घेत आहात, भीती कधी वर येऊ नये याची. आणि ती वर येऊच दिली नाही, तर ती आपोआप उतरते हे यांना कळणार कसे? त्या दिवशी घरी येताना मी रडले, हे मान्य करते. मला दोष दिला असे वाटले होते. पुढच्या भेटीत त्यांनीच ते ओळखले आणि समजावले की हा दोष नाही, जवळजवळ प्रत्येक प्रेमळ घरात असेच घडते.

त्यांनी समजावलेली गोष्ट अशी. धोका समोर आला की शरीर पळण्याची किंवा लढण्याची तयारी करते. हृदय जोरात चालते, श्वास भराभर होतो, आणि श्वास भराभर झाल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर व मुंग्या येतात. चिंताविकारात ही घंटा धोका नसताना वाजते. माणूस त्या लक्षणांनाच मरण समजतो, त्यामुळे अधिक घाबरतो आणि लक्षणे वाढतात. तो तिथून निघून गेला की क्षणात बरे वाटते, आणि मन धडा घेते की आपण निघालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. पिशवी, गोळी, पत्नीची सोबत, तेच तेच धीराचे शब्द, हे सारे त्या निघून जाण्याचेच सौम्य प्रकार आहेत. भीतीचा झटका बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत शिगेला पोहोचून उतरू लागतो, पण आम्ही त्याला ती दहा मिनिटे कधी मिळूच दिली नव्हती.

उपचार म्हणजे नुसते बोलत बसणे, हा समज इथेच गळून पडला. त्यांनी यजमानांना खोलीतच एक मिनिट मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावला. चक्कर आली, मुंग्या आल्या, चेहरा पांढराफटक झाला. मी उठणार तोच त्यांनी मला हाताने थांबवले. तीनेक मिनिटांत सारे शांत झाले आणि यजमान म्हणाले, ‘गाडीत असंच झालं होतं.’ तीन वर्षांत अनेक तपासण्यांनी जे पटले नव्हते, ते त्या खुर्चीत पटले. (ज्यांना हृदयविकार, दमा किंवा फिट्स यांचा त्रास आहे त्यांनी हे आपल्या मनाने करून पाहू नये, आमच्याकडेही आधी अहवाल तपासूनच केले होते.)

मग पायऱ्या ठरल्या. शर्टाच्या खिशात मावेल अशी एक डायरी आणली. आधी ग्वाल्हेर स्टेशनाच्या फलाटावर पाऊण तास बसायचे, मी सोबत असताना. मग मी बाहेर उभी असताना. मग पिशवीतून एक एक वस्तू घरी ठेवून. शेवटी डबरा या गावापर्यंत चाळीसेक किलोमीटर गाडीने जाऊन परत यायचे. प्रत्येक वेळी भीतीला शंभरपैकी किती गुण, ते डायरीत लिहायचे. फलाटावरचा पहिला दिवस मी विसरणार नाही: बसताना ८५, वीस मिनिटांनी ७०, उठताना ४०. अक्षर थरथरलेले होते, पण आकडा उतरत होता, आणि तो आम्ही काही न करता उतरत होता. मधे दोन आठवडे त्यांनी डायरीला हातही लावला नाही, एकदा डबऱ्याला न पोहोचताच मधल्या स्टेशनावर उतरून परत आले. तेही मी लिहिते, कारण हा रस्ता सरळ नसतो आणि एक दिवस चुकला म्हणून उपचार फसला असे कोणी समजू नये.

या पद्धतीला विचार-वर्तन उपचार म्हणतात आणि तिची मुळे नवी नाहीत. भीतीच्या वस्तूच्या हळूहळू जवळ नेऊन एका लहान मुलाची भीती घालवल्याचा प्रयोग अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्येच प्रसिद्ध केला होता. पुढे ॲरन बेक आणि अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसोपचारकांनी विचारांकडे लक्ष वेधले. एलिस यांची विवेकनिष्ठ विचारसरणी महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली, हे मराठी वाचकांना मी सांगायला नको. आपल्या ग्वाल्हेरच्या भाषेत सांगायचे तर हा रियाज आहे. गुरूसमोर आठवड्यातला एक तास, आणि खरे काम घरी उरलेल्या सहा दिवसांत. १९१८ पासून माधव संगीत महाविद्यालय ज्या गावात आहे, त्या गावाला हे कळायला जड जाऊ नये.

औषधांविषयी माझा आग्रह नाही. यजमानांना मनोविकारतज्ज्ञांनी काही महिने औषध दिले होते आणि त्याचा उपयोग झाला. कित्येकांना ते आवश्यकच असते. परंतु अल्प्राझोलामसारखी झटपट शांत करणारी गोळी महिनोन्‌महिने घेण्याची सवय आपल्या वयाच्या लोकांत फार आहे. ती जडते, उतारवयात पडण्याचा धोका वाढवते, आणि एकदम बंद केली तर त्रास होतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी लागते. औषधाच्या दुकानातून ‘ती मागचीच द्या’ म्हणून आणणे थांबले पाहिजे.

आमच्या शहरात एक अडचण अधिकची आहे. इथे मानसिक आरोग्यशाळा जुनी आहे, आणि ‘पागलखाना’ हा शब्द इथल्या मुलांच्या भांडणातसुद्धा येतो. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आग्रा, रांची आणि ग्वाल्हेर येथील मनोरुग्णालयांच्या कामावर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवले, इतकी तिथली स्थिती तेव्हा चिंतेची मानली गेली होती. त्या दिवसांच्या आठवणी घरोघर आहेत. म्हणून बाड्यावर जाता न येणारा माणूससुद्धा ‘मी काही तसला नाही’ म्हणतो आणि आणखी तीन वर्षे घरात बसतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यात मध्य प्रदेशही होता, चिंता व नैराश्य यांसारख्या नेहमीच्या विकारांचे बहुसंख्य रुग्ण उपचाराविना असल्याचे दिसून आले. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही.

दुसरी अडचण भाषेची. आम्ही बाजारात, कचेरीत, दवाखान्यात हिंदी बोलतो आणि ती आम्हाला परकी नाही. पण भीती मराठीत येते. त्या बाईंशी बोलताना यजमान ‘हुरहुर’ या शब्दावर अडले. ‘घबराहट’ म्हणून पाहिले, ‘बेचैनी’ म्हणून पाहिले, मान हलवली. धास्ती वेगळी, धाकधूक वेगळी, कासावीस होणे वेगळे. त्या बाई भल्या, त्यांनी तो शब्द मराठीतच लिहून घेतला आणि पुढे हिंदी वाक्यांत तोच वापरू लागल्या. सर्वांना असे भाग्य लाभेलच असे नाही. आता पुण्या-ठाण्याच्या तज्ज्ञांशी घरी बसून व्हिडिओवर मराठीत बोलता येते, आणि ज्यांना बाहेर पडणेच जमत नाही त्यांनी सुरुवात तिथून करायला हरकत नाही. मात्र पुढच्या पायऱ्या बाहेरच चढाव्या लागतील.

कोणाकडे जावे, असे मला वारंवार विचारले जाते. एकच सांगते, पाटीवरच्या शब्दांवर जाऊ नका. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारा, त्यात संकोच नको. उपचार कोणत्या पद्धतीने, साधारण किती भेटींत आणि घरी काय करायचे, हेही पहिल्याच दिवशी विचारा. आमच्या सोळा भेटी झाल्या. खर्च सोसण्यासारखा नसेल तर सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जाता येते, आणि १४४१६ या क्रमांकावरची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र व विनाशुल्क चालते. कोणाच्या मनात जगणे नको असे विचार येत असतील तर मात्र भेटीची वेळ मिळण्याची वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता माझी विनंती. येथील मराठी मंडळे गणेशोत्सवात दहा दिवस कार्यक्रम करतात. त्यांपैकी एक संध्याकाळ रुग्णांच्या घरच्यांसाठी ठेवावी, आणि आपल्या वृत्तपत्राने तज्ज्ञांकडून या विषयावर मराठीत नियमित लिहवून घ्यावे. त्यात रुग्णाला काय सांगावे यापेक्षा घरच्यांनी काय थांबवावे, यावर भर असावा. मला ‘काही होणार नाही’ म्हणणे थांबवायला दोन महिने लागले. त्याऐवजी मी म्हणू लागले, ‘तुम्हाला भीती वाटते आहे हे मला दिसतंय, आणि तुम्हाला हे झेपेल.’ पहिल्यांदा असे म्हटले तेव्हा ते माझ्यावर रागावले होते, रात्री जेवले नव्हते. ते सहन करणे हा माझ्या वाट्याचा अभ्यास होता, आणि तो मला कोणीतरी शिकवावा लागला.

गेल्या हिवाळ्यात ते एकटे झाशीला जाऊन आले. पिशवी मी उसवली नाही. तिच्यात आता भाजी आणतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
शिंदे की छावणी, लष्कर, ग्वाल्हेर