टोरांटोला हो कळवलंय

ती. आई-बाबांना,
सा. न.

मुलांच्या हृदयाच्या बिघडलेल्या ठोक्यांवर उपचार शिकायच्या टोरांटोच्या फेलोशिपला मी हो कळवलंय. जुलैपासून एक वर्ष. फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबांनी लगेच पैशांचा विषय काढला असता. पैशांची काळजी नको, तिथे पगार मिळतो.

आई, तू म्हणशील, बालरोगात एमडी झालं, मुलांच्या हृदयाचं डीएम झालं, अजून किती शिकणार? आणि मोठ्यांच्या हृदयाचे ठोके बघणारे डॉक्टर आहेतच की! आहेत, आणि चांगलेच आहेत. पण लहान मुलाच्या हृदयातली, ठोके एकदम पळवणारी विजेची जादा वाट बंद करायची असते, तेव्हा ती कधी कधी एव्ही नोडपासून, म्हणजे ठोक्याचा संदेश वरून खालच्या कप्प्यांत पोचवणाऱ्या गाठीपासून, जेमतेम काही मिलिमीटरवर असते. नोडला इजा झाली तर पोराला जन्मभर पेसमेकर. म्हणून तिथे कॅथेटरने, म्हणजे शिरेतून हृदयात नेलेल्या बारीक नळीने, ती वाट जाळण्यापेक्षा गोठवणं बरं. आधी उणे 30 अंशांपर्यंत नेऊन बघायचं. ईसीजीत पीआर, म्हणजे संदेश वरून खाली पोचायला लागणारा वेळ, लांबायला लागला की लगेच थांबायचं, ऊब मिळाली की नोड पूर्ववत होतो. सगळं ठीक दिसलं तरच उणे 70-80 ला साधारण चार मिनिटं. गोठवलेली वाट पुन्हा उघडण्याचं प्रमाण जाळलेलीपेक्षा जास्त, हा त्यातला तोटा. तरी माझ्या मते पेसमेकरपेक्षा पुन्हा एकदा टेबलावर येणं परवडलं. कुठे जाळायचं नि कुठे गोठवायचं, हे रोज केसेस केल्याशिवाय हातात बसत नाही, आणि इथे फक्त मुलांच्या ठोक्यांचं काम करणारे मोजकेच.

तान्ह्यांचं आणखी वेगळं. ठोके 220 च्या वर गेले तरी बाळ सांगणार कसं? दूध सोडतं, घामेजतं, पांढरं पडतं आणि घरचे म्हणतात दात येताहेत. एक-दोन दिवस तसंच चाललं की हृदय थकतं. औषध आहे, अॅडिनोसिन, किलोला 0.1 मिलिग्रॅम. पण ते रक्तात दहा सेकंदही टिकत नाही. पायाच्या बारीक शिरेतून सावकाश दिलं तर हृदयाशी पोचायच्या आत संपतं, आणि मग सगळे म्हणतात औषध लागू पडलं नाही. हाताची मोठी शीर हवी, औषधाच्या पाठोपाठ जोरात सलाइन हवं, आणि ईसीजीची पट्टी आधीपासून चालू हवी, नाहीतर निदानाचा पुरावाच हातचा जातो. औषध पोचलं की मॉनिटरवरची रेघ दोन-तीन सेकंद सपाट होते, तेव्हा बाळाच्या आईला तिथे उभं न केलेलं बरं. या बाळांना जाळण्या-गोठवण्याची घाई करायची नसते. 15 किलोच्या आत शक्यतो औषधांवरच ठेवायचं, पुष्कळांचं वर्षभरात आपोआप थांबतं. कधी हात लावायचा नाही, तेही शिकायचंय मला.

एक्स-रेला घाबरू नकोस गं. आता कॅथेटर कुठे आहे ते संगणकाच्या नकाशावर दिसतं, कित्येक केसेस एक्स-रे जवळजवळ न वापरताच होतात. शिशाचा एप्रन मी घालतेच. थंडीत तू चढवायचीस तसे स्वेटरवर स्वेटर घालीन, माकडटोपीसुद्धा, बास? ज्वारीचं पीठ तिथे मिळतं. भाजणी आणि मेतकूट मात्र तुझंच हवं.

बाबा, आता तुमचं. मोबाइल डाव्या खिशात ठेवायचा नाही, पेसमेकरपासून निदान 15 सेंटिमीटर लांब. बोलताना उजव्या कानाला. इंडक्शनच्या शेगडीवर वाकून चहा करायचा नाही, 60 सेंटिमीटर अंतर हवं, त्यापेक्षा गॅसवरच करा. मॉलच्या त्या तपासणीच्या दारात थबकून गप्पा नाहीत, सरळ चालत आत. पेसमेकरचं कार्ड पाकिटात, कपाटात नव्हे! चक्कर आली की 'पित्त झालं' म्हणून लिंबू-सोडा पीत बसायचं नाही, नानांच्या वेळी काय झालं ते आठवा. रागावून नाही हो लिहीत. डिसेंबरच्या तपासणीला सुमी येईल, तिला तारीख देऊन ठेवलीय. तिच्याशी रिक्षाच्या पैशांवरून वाद घालू नका.

आई, थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नि चहा त्यानंतर अर्ध्या तासाने. आधी नाही.

भाजणी दोन किलोच कर, बॅगेत पुस्तकंही आहेत.

तुमची,
मनू