पाखरे द्राक्षबागेत का उतरतात?

माननीय संपादक महोदय,

द्राक्षबागांमधील पाखरांच्या उपद्रवाविषयीची बातमी आपल्या अंकात वाचली. जालना तालुक्यात माझी दीड एकर बाग असल्याने हे नुकसान मला नवे नाही. साळुंकी अख्खा मणी क्वचितच खाते. ती चोच खुपसते, रस चाखते आणि पुढच्या घडावर जाते. फुटलेल्या मण्याचा रस ओघळला की मुंग्या व गांधीलमाश्या येतात, आणि दोन-तीन दिवसांत तो घड व्यापाऱ्याच्या लेखी बाद होतो. तरीही फटाके आणि जाळी यांपलीकडे बातमीत काही उपाय नव्हता, म्हणून हे पत्र.

पाखरांना कोणत्या महिन्यात काय मिळते, ते आधी पाहावे लागेल. बोरे माघापर्यंत सरतात, लिंबोळ्या आणि जांभळे ज्येष्ठाच्या आसपास पिकतात, आणि रब्बी ज्वारीची काढणी झाली की भोरड्यांचाही घास जातो. नेमक्या याच मधल्या दिवसांत, फेब्रुवारी ते एप्रिल, आमचा माल गोड होतो. पूर्वी ही तूट वड आणि उंबर भरून काढीत असत, कारण या जातींची सगळी झाडे एकदम फळत नाहीत. एक वड झडला तरी कोसभरावरचा दुसरा पिकलेला सापडे. आमच्याकडचे रस्त्याकडेचे जुने वड रुंदीकरणात गेले आणि त्यांच्या बदल्यात गुलमोहर व कोनोकार्पस आले. त्यांवर बुलबुलाला बसायला फांदी आहे, खायला काही नाही.

शिवाय साळुंकी-भोरडीच्या कुळातील पाखरांच्या आतड्यात उसाची साखर फोडणारे विकर (पचनाला लागणारा पाचक घटक, एन्झाइम) नसते. द्राक्षात मात्र साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या रूपात आयतीच फोडलेली असते, म्हणून ती त्यांना पचते. बुलबुलाची गोष्ट निराळी. त्याच्या शरीरात माणसाप्रमाणेच क जीवनसत्त्व तयार होत नाही, हे रॉय आणि गुहा या भारतीय शास्त्रज्ञांनी १९५८ मध्येच दाखवले होते. ते त्याला खाण्यातूनच मिळवावे लागते. पण निव्वळ फळांवर पिल्ले वाढत नाहीत. गेल्या एप्रिलमध्ये माझ्या कागदी लिंबाच्या झाडावर बुलबुलाचे घरटे होते. पहिले काही दिवस नर-मादी चोचीत हिरव्या अळ्याच आणत होती, घाणेरीची काळी फळे नंतर दिसू लागली. त्या अळ्या कोणाच्या पिकावरच्या होत्या, हे शेतकऱ्याला सांगायला नको. आमच्या बांधावर चंदनाची जी रोपे उगवली आहेत, तीही कोणी लावलेली नाहीत. पाखरांच्या विष्ठेतून पडलेले ते बी आहे. (ती मोठी होईपर्यंत चोरांपासून वाचतील का, हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे.)

जाळीला माझा विरोध नाही, मीही ती लावतो. मात्र ती ताणून बांधावी. सैल सोडलेल्या बारीक नायलॉनमध्ये बुलबुलाचा पाय अडकला की तो सोडवता सोडवता मोडतो, हे मी माझ्याच हाताने अनुभवले आहे.

येत्या पावसाळ्यातील रस्त्याकडेच्या लागवडीच्या यादीत वड, उंबर, पिंपळ, जांभूळ आणि बोर यांचा समावेश व्हावा, अशी संबंधित यंत्रणेला आपल्या वृत्तपत्रातून विनंती आहे. वडाला तर रोपवाटिकेचाही खर्च नाही. मनगटाएवढी फांदी मृगात रोवली तरी ती फुटते. विहिरीकडेच्या पडीक तुकड्यात मी अशा चार फांद्या रोवल्या होत्या, त्यांपैकी तीन जगल्या आहेत.

आपला विश्वासू,
एक द्राक्ष उत्पादक, जालना तालुका