बॉयलरपाशी परवानाधारक हवाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लघुउद्योजकांच्या अडचणींवरील कालच्या लेखात परवानाधारक बॉयलर अटेंडन्ट नेमण्याची सक्ती ‘जाचक’ ठरवून, आजचे बॉयलर स्वयंचलित असल्याने कोणताही हुशार कामगार ते चालवू शकेल, असे म्हटले आहे. उभी हयात बॉयलर हाउसमध्ये घालवलेला माणूस म्हणून मी या विधानाचा तीव्र निषेध करतो.

इचलकरंजीतील ज्या प्रोसेस हाउसमध्ये (कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात) मी सकाळच्या पाळीला होतो, तेथे रात्रपाळीच्या अटेंडन्टचे सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेले असे. तो स्वतः सहीपुरता येई आणि बॉयलर सांभाळी तो भट्टीत लाकूड टाकणारा हेल्पर. एका पहाटे मी आत शिरलो, तेव्हा गेज ग्लास, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काच, फुल्ल असल्याचे सांगून तो हेल्पर निर्धास्त बसला होता. काठोकाठ भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच लांबून सारखीच दिसते, हे त्याला कुणी शिकवलेच नव्हते. मी काचेखालचा ड्रेन कॉक उघडला, तर पाण्याचा थेंब नाही, नुसती वाफ. घाबरून तो बॉयलरमध्ये पाणी भरणारा फीड पंप सुरू करायला धावला. त्याचा हात मी धरला नसता, तर तापलेल्या पत्र्यावर गार पाणी पडून स्फोट झाला असता, हे या धंद्यातल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. पंखा बंद करून, भट्टीवर ओली राख टाकून आम्ही आग दाबली. लेखकांचा ज्यावर भरवसा आहे तो, पाण्याची पातळी आपोआप सांभाळणारा लेव्हल कंट्रोलर वारंवार ट्रिप होतो म्हणून मेंटेनन्सवाल्यांनीच वायर जोडून बायपास केला होता.

त्या मुलाला मी दोष देत नाही. साडेदहा किलो दाबाच्या बॉयलरमधले पाणी 180 अंशांच्या वर तापलेले असते आणि शेल, म्हणजे बॉयलरचे पोलादी कवच, फाटले की त्याची क्षणात वाफ होते, हे ज्याला माहीत नाही त्याच्या हाती बॉयलर देणारा मालक दोषी आहे. 1923 चा बॉयलर कायदा जाऊन 2025 मध्ये नवा कायदा आला, त्यातही जिवावर बेतणाऱ्या चार गुन्ह्यांसाठी फौजदारी शिक्षा कायम ठेवावी लागली, याचा विचार लेखकांनी करायला हवा होता. परीक्षा वेळेवर होत नाहीत आणि अटेंडन्ट मिळत नाहीत ही उद्योजकांची तक्रार खरी आहे. मग परीक्षा वाढवण्याची मागणी करा, परीक्षाच नको असे म्हणू नका.

आणखी एक गोष्ट. मे 2024 मध्ये डोंबिवलीत रिॲक्टरचा (रसायनांवर ज्यात प्रक्रिया होते त्या भांड्याचा) स्फोट झाला, तेव्हा अनेक वृत्तपत्रांनी प्रथम तो बॉयलरचा म्हणून छापला. बॉयलर आणि रिॲक्टर यांचे नियम वेगळे, त्यांची तपासणी करणारी खाती वेगळी. चुकीच्या यंत्राचे नाव छापले की लोक जाबही चुकीच्या खात्याला विचारतात.

बॉयलरची तपासणी करणाऱ्या बाष्पके संचालनालयाने रात्रपाळीत अचानक जाऊन, भिंतीवरच्या सर्टिफिकेटचा धनी बॉयलरपाशी उभा आहे की नाही हे पाहावे, अशी मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडन्ट, इचलकरंजी