पिस्टन हातात येईपर्यंत बोअरिंग नको

बर्मिंगहॅम

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आईची कांदा-लसूण चटणी पोचली. बाकी इकडं सगळं ठीक.

अँबेसेडरचं इंजिन खोललंय आणि पिस्टन मिळेनात, हे दादानं फोनवर सांगितलं. उद्यमनगरात कुणी “नमुना द्या, लेथवर हुबेहूब करून देतो” म्हणतोय म्हणे. ओतीव लोखंडात आपल्या गावाचा हात धरणारं कोण आहे? पण आबा, पिस्टन गोल नसतो! तुमचा जुना पिस्टन घ्या आणि स्कर्टला, म्हणजे खालच्या बाजूच्या भिंतीला, मायक्रोमीटर लावा. पिस्टन रॉडला जोडणाऱ्या गजन पिनेच्या दिशेनं जे माप येईल, त्याहून आडव्या दिशेनं काही थाऊ (इंचाचा हजारावा भाग) जास्त भरेल. पिनेच्या बाजूला धातू जास्त, तिथं तो तापला की जास्त फुगतो, म्हणून मुद्दाम अंडाकृती ठेवतात. शिवाय वर क्राउनकडं, म्हणजे माथ्याकडं, निमुळता. लेथवरचा गोल पिस्टन पन्हाळ्याचा चढ लागला की तापून सिलिंडरात जाम होणार.

त्यापेक्षा दुसऱ्या गाडीचे बघू. आपलं 1489 सीसीचं इंजिन म्हणजे बीएमसीची (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची) बी-सिरीज, इथल्याच लाँगब्रिजच्या ऑस्टिन कारखान्यातली आखणी. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 73.025, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) 88.9 मिलिमीटर. 1955 ते 1959 च्या एमजीए 1500 या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला हेच माप होतं, आणि त्या गाडीचे शौकीन इकडं भरपूर, त्यामुळं पिस्टन अजून नवे मिळतात.

पण नुसता व्यास जुळला म्हणून घ्यायचे नाहीत. गजन पिनेच्या मध्यापासून क्राउनपर्यंतची उंची आधी मोजा. कॉम्प्रेशन (सिलिंडरातलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) 7.2 धरलं, तर ही उंची एकच मिलिमीटर वाढली तरी ते 7.7 च्या आसपास जातं. क्राउन सपाट की खोलगट, तेही कळवा. जुन्या रॉडमध्ये पिन बोल्टानं आवळलेली असते आणि पिनेला त्यासाठी खाच असते. सर्क्लिपवाली (टोकांना स्प्रिंगच्या कड्यांनी अडवलेली) बिनखाचेची पिन या रॉडला चालणार नाही. चारही पिस्टन गुजरीत ओळखीच्या सोनाराकडं काट्यावर घालून घ्या, वजनात फरक राहिला तर इंजिन थरथरतं.

फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) पिस्टनच्या नादाला लागू नका. त्यांना बोअरमध्ये क्लिअरन्स (मोकळी फट) जास्त लागतो, थंड इंजिन खडखडतं, आणि आपल्याला काही शर्यत मारायची नाही.

बोअरिंगवाला, म्हणजे सिलिंडर आतून कापून वाढवणारा, घाई करेल. त्याला थांबवा. पिस्टन हातात आल्यावर, त्याच्याच मापाला, प्रत्येक बोअर वेगळा कापून घ्यायचा. ब्लॉक आधीच 40 थाऊ वाढवून कापला गेला असेल, तर 60 थाऊ मोठे पिस्टन शोधत बसण्यापेक्षा स्लीव्ह (आतून नवी नळी) घालून स्टँडर्ड, म्हणजे मूळ मापाला आणा. हे काम आपल्याकडं रोजचं आहे, इथल्यापेक्षा स्वस्तही पडेल. रिंग मात्र बोअरमध्ये सरळ बसवून टोकांमधली गॅप फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघा, 8 ते 13 थाऊंच्या मधे हवी.

मापं दादाकडून फोटोसकट पाठवा, म्हणजे मी इथं चौकशी करतो. आईला नमस्कार.

तुमचा,
धाकटा