क्लॅट डिसेंबरात असते हो!

माननीय संपादक,

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातनं लिहितोय. लॉची एन्ट्रन्स कधी द्यायची ह्यावर आमच्या घरात नुसता घोळ चाललाय म्हणून हे पत्र. क्लॅट, म्हणजे बेंगळूरसारख्या नॅशनल लॉ कॉलेजांची एन्ट्रन्स, पूर्वी बारावी झाल्यावर उन्हाळ्यात व्हायची, २०२२ साली जून आणि डिसेंबर अशी दोनदा झाली आणि तेव्हापासून डिसेंबरातच असते, म्हणजे सेकंड पीयूच्या (आमच्या कर्नाटकातली बारावी) परीक्षेच्या आधीच. हे आमच्याकडं कुणाला माहीतच नव्हतं. २०२४ च्या दिवाळीत फराळाला बसल्यावर पुतण्या म्हणाला मला वकील व्हायचंय, सगळे खूश, आणि फॉर्म बघायला गेलो तर तो ऑक्टोबरातच बंद झालेला. मग पुढचं वर्ष पोरगं घरी, आणि लोक विचारतात ड्रॉप का घेतला. घेतला कुठं, पडला.

आता माझी मुलगी फर्स्ट पीयूला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. पेपर इंग्रजीतच, १२० मिनिटांत १२० प्रश्न, बहुतेक सगळे उताऱ्यांवर, चुकलं की पाव मार्क कट. ती बेळगावच्या बसमध्ये मोबाईलवर स्टॉपवॉच लावून साडेचारशे शब्दांचा उतारा वाचते, पहिल्या दिवशी नऊ मिनिटं लागली, आता चारवर आलीय, खड्डा आला की ओळ हरवते ते वेगळं. एक क्लासवाले म्हणाले मराठी मीडियमची ना, पीयू होऊ दे, मग ड्रॉप घेऊन आमच्याकडं पाठवा. मला नाही पटलं. उतारा वाचायचा स्पीड काय ड्रॉपच्या वर्षातच येतो का? सेकंड पीयूला असतानाच द्यावी, वयाची अट नाही, हुकली तर परत देता येते, पण तयारी आत्तापासनं, कारण जनरलला फॉर्मच ४००० चा आहे, उगाच बघू देऊन म्हणायला परवडत नाही. आणि महाराष्ट्राची लॉ सीईटी मराठीतनं पण देता येते, निगेटिव्ह मार्किंग नाही, ती हाताशी आहेच.

अजून एक, बेंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलला कर्नाटकात दहा वर्षं शिकलेल्यांना २५ टक्के राखीव जागा आहेत. सीमाप्रश्न त्याच्या जागी, पण आपल्या पोरांनी ही जागा का सोडायची?

तुम्ही पीयूच्या निकालाला पानंच्या पानं देता, तशी ऑगस्टमध्ये क्लॅटच्या फॉर्मच्या तारखांची एक चौकट छापा की, पहिल्या पानावर नको, आतल्या पानावर चालेल.

आपला,
एक पालक, ता. खानापूर